ओली वाळू की किनाऱ्यालगतचा पक्का रस्ता? समुद्रावर धावायला निघण्याआधी

सकाळी कुणीतरी म्हणतं, "चला, आज समुद्रावर जाऊन येऊ," आणि तासाभरात सगळे गाडीत बसलेले असतात. घरात धावणारं माणूस असेल तर बूट आपसूक पिशवीत पडतात. तिथे पोहोचल्यावर मात्र ठरवावं लागतं: खाली वाळूत उतरायचं की किनाऱ्याला लागून गेलेल्या फरसबंद नाहीतर डांबरी रस्त्यावर पळायचं? मी दोन्ही केलंय, तेही दोन पोरं आणि सासूबाई बरोबर असताना. एकटीने गेले असते तर माझं उत्तर वेगळं असतं.

वाळूचा पर्याय दिवसभर उपलब्ध नसतो, ही पहिली गोष्ट. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात आणि रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांचा हिशोब केला तर जवळजवळ सहा तास होतात. म्हणजे गेल्या रविवारी सकाळी आठला लांबरुंद ओली वाळू मिळाली असेल, तर या रविवारी आठला तिथे बहुधा भरतीचं पाणी असणार. फक्त सुट्टीच्या दिवशी जाणारे नेमके इथेच फसतात. घरातून निघण्याआधी त्या किनाऱ्याची ओहोटीची वेळ पाहायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं पाहाच.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही लक्षात ठेवा. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात ते एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकंच वर येतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी तीन. खाडीच्या तोंडाशी हे गणित बिघडतं, पण मोकळ्या किनाऱ्यावर अंदाजाला पुरतं. म्हणून ओहोटीच्या तासभर आधी वाळूत उतरावं आणि नंतरच्या तासाभरात आटपावं. मी एकदा "अजून एक फेरी" म्हणत तिसऱ्या तासात शिरले. परत येते तर माझ्या चपलांपैकी एक पाण्यावर डुलत होती आणि धाकटा तिला होडी समजून टाळ्या वाजवत होता. तेव्हापासून सामान मागच्या भरतीने सोडलेल्या काडीकचऱ्याच्या रेषेच्या वर ठेवते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा त्याहूनही बरंच वर.

आता पायांखालचं बोलू. कोरड्या, भुसभुशीत वाळूचा नाद सोडा. १९९८च्या एका अभ्यासात वाळूवर त्याच वेगाने धावायला कडक जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागल्याचं दिसलं, आणि चालायला तर २.१ ते २.७ पट. चालणाऱ्याचे हाल जास्त, हे वाचून मला सासूबाईंची आठवण झाली. त्यांना आम्ही गाडीपासून पाण्यापर्यंत मऊ वाळूतून चालवत नेलं होतं आणि वर "एवढंसं तर अंतर" असं ऐकवलंही होतं.

धावायला हवी ती ओली, घट्ट पट्टी. ती ओळखायची सोपी खूण आहे. पाय टेकवा आणि भोवती बघा. क्षणभर पावलाभोवती पांढुरकं, कोरडं वाटणारं वलय उमटलं तर वाळू दाबून बसलेली आहे. वजन पडलं की घट्ट बसलेले कण एकमेकांवरून सरकतात, मधल्या जागा वाढतात आणि वरचं पाणी आत शोषलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच हे समजावून सांगितलं होतं. मोठीला मी हे दाखवलं, तर पुढचा पाऊण तास ती एका जागी उभी राहून वाळू "सुकवत" होती. वलय न उमटता पाय चिखलात रुतल्यासारखा आत गेला तर ती पट्टी सोडा, थोडं वर सरका.

किनारा उतरता असेल तर मी सरळ रस्ता धरते. तिरक्या वाळूत एक पाय सतत खाली पडतो आणि घोटा-गुडघ्याला ते दुसऱ्या दिवशी कळतं. गेलो त्याच उंचीवरून परत आलं तर दोन्ही पायांची फिट्टंफाट होते, पण मुळात उतारच नको. बारीक वाळूचे किनारे सहसा सपाट असतात, जाड वाळूचे आणि गोट्यांचे जास्त उतरते. गाडीतून उतरल्यावर मूठभर वाळू हातात घेतली तरी अंदाज येतो.

रस्त्याच्या बाजूने बोलायचं तर यादी छोटी पण भक्कम आहे. भरतीशी देणंघेणं नाही, अंतर आणि वेग ठरवून पळता येतं, बाबागाडी चालते, पोरगी सायकलवर बरोबर येऊ शकते, बसायला बाक असतात. शर्यतीची तयारी चालू असेल तर पुढचं वाचूच नका, रस्ताच घ्या. पण रस्त्यावरचं धावणं म्हणजे लांब जाऊन लांबून परत येणं. चाळीस मिनिटं तुम्ही कुणाला दिसत नाही, तुम्हालाही कुणी दिसत नाही. पाण्याजवळ लहान मूल असेल आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला दुसरं मोठं माणूस नसेल, तर हे जमणारच नाही. सपाट वाळूत मात्र सतरंजीसमोरूनच दोन-दोनशे मीटरच्या फेऱ्या मारता येतात. कंटाळवाण्या आहेत, कबूल. पण प्रत्येक फेरीला डोकी मोजता येतात.

वारा आणि ऊन दोन्हीकडे सारखंच. दुपारी समुद्रावरून येणारा वारा जोर धरतो, तेव्हा आधी वाऱ्याच्या तोंडावर जा आणि दमल्यावर तो पाठीशी घ्या. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे टोपी असूनही हनुवटीखालची बाजू भाजते. क्रीम तिथेही लावा.

अनवाणी धावण्याचा मोह सगळ्यांना होतो. सवय नसेल तर दहा मिनिटं पुरे, नाहीतर पोटऱ्या दोन दिवस जिना उतरू देत नाहीत. शिंपले आणि काचा बघायला ती पट्टी आधी एकदा चालत पार करा.

आमच्याकडे सध्या असं चालतं: ओहोटी सोयीच्या वेळी असेल आणि किनारा सपाट असेल तर वाळू, नाहीतर रस्ता. नवरा बरोबर असेल तर दोन्ही, पण आधी बूट घालून रस्ता आणि शेवटची दहा मिनिटं पोरांबरोबर अनवाणी. उलट क्रम एकदा करून पाहिला होता. ओल्या पायांना चिकटलेली वाळू मोज्यात गेली आणि दुसऱ्या किलोमीटरला टाच सोलली. आता पाय धुवायला साध्या पाण्याची एक बाटली गाडीतच असते, आणि तिला कुणी तोंड लावायचं नाही असा नियम आहे.