टिकणारी कृत्रिम परिसंस्था: समीकरणं, एजंट की उत्क्रांती?

कृत्रिम जीवसृष्टीचं सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) पहिल्यांदा चालवलं की बहुतेक वेळा एकच घडतं. भक्ष्य भराभर वाढतं, मागोमाग भक्षक वाढतात, भक्ष्य संपतं, भक्षक उपाशी मरतात आणि पडदा रिकामा होतो. मग पॅरामीटर (जन्मदर, भूक असे ठरवून दिलेले आकडे) हलवत बसण्याचे तास सुरू होतात. त्याआधी एक निर्णय घ्यायला हवा: जग समीकरणांनी मांडायचं, प्रत्येक प्राणी वेगळा ‘एजंट’ म्हणून ठेवून मांडायचं, की प्राण्यांना उत्क्रांत होऊ द्यायचं? ‘टिकणं’ याचा अर्थ तिन्हींत वेगळा आहे, म्हणून एकीकडचा उपाय दुसरीकडे चालेलच असं नाही.

समीकरणांची वाट सर्वांत स्वस्त. लोटका (१९२५) आणि व्होल्टेरा (१९२६) यांची भक्षक-भक्ष्य समीकरणं दोन ओळींत लिहून होतात आणि हजारो पिढ्या क्षणात चालतात. पण त्यांतलं चक्र सुरुवातीच्या संख्यांवर ठरतं. मध्येच धक्का दिला तर व्यवस्था जुन्या चक्रावर परतत नाही, नव्यावर फिरत राहते. त्यातच आकडेमोड साध्या ऑयलर पद्धतीने (आताच्या वेगावरून सरळ पुढची पायरी काढून) केली, तर चक्र दर फेरीला बाहेर बाहेर जातं. परिसंस्था कोसळतेय असं वाटतं, प्रत्यक्षात चूक गणिताच्या पायरीत असते. छोटी पायरी आणि रुंगे-कुट्टा ही जास्त अचूक पद्धत वापरली की हा भास जातो.

या वाटेचा खरा दोष दुसरा आहे. समीकरणाला अर्धा प्राणीसुद्धा चालतो. इंग्लंडमधल्या कोल्ह्यांत रेबीज कसा पसरेल, याच्या एका मॉडेलमध्ये दोन लाटांच्या मधल्या काळात रोगट कोल्ह्यांची संख्या दर चौरस किलोमीटरला एका कोल्ह्याच्या अब्जांशाच्याही अब्जांशापर्यंत उतरत होती, आणि त्यातूनच पुढची लाट उठत होती. डेनिस मॉलिसन यांनी १९९१ मध्ये हे दाखवून दिलं. समीकरणांतलं सिम्युलेशन छान टिकत असेल, तर तळाशी संख्या किती उतरते ते आधी पाहा.

एजंट-आधारित जगात ही पळवाट नसते. शेवटचा लांडगा मेला की लांडगे संपले. म्हणूनच मला हीच वाट जास्त प्रामाणिक वाटते. नेटलोगो या एजंट-जगं बनवायच्या प्रोग्राममधलं उरी विलेन्स्की यांचं लांडगे-मेंढ्यांचं मॉडेल (१९९७) यासाठी जरूर चालवून बघावं. त्यात फक्त लांडगे आणि मेंढ्या ठेवल्या तर बहुधा दोघांपैकी कोणीतरी हाताबाहेर जातं. गवत हा तिसरा थर जोडला, खाल्लेलं गवत परत उगवायला वेळ लागतो असं ठरवलं, की तेच जग बऱ्यापैकी स्थिरावतं. मेंढ्यांच्या वाढीला आता लांडग्यांखेरीज दुसराही लगाम असतो.

इथे एक मोह होतो आणि तो टाळायला हवा. लांडगे वारंवार मरत असतील तर आपण गवत लवकर उगवू देतो. खाणं वाढलं की सगळे जगतील असं वाटतं. रोझेनझ्वाइग यांनी १९७१ मध्ये गणिताने नेमकं उलट दाखवलं. भक्ष्याचं अन्न वाढवलं की चढउतार मोठे होतात आणि दरी इतकी खोल जाते की तिथे नामशेष होणं सोपं होतं. म्हणून गवत वाढवण्याऐवजी कमी करून बघा.

दुसरा आधार जागेचा. गाउझ यांनी १९३४ मध्ये परीक्षानळीत पॅरामेशियम हा एकपेशी जीव आणि त्याला खाणारं डिडिनियम एकत्र ठेवलं. भक्षकाने सगळं भक्ष्य खाल्लं आणि तोही मेला. लपायला गाळ दिला तर भक्षक उपाशी मेला, भक्ष्य उरलं. मधून मधून बाहेरून थोडे जीव सोडले तेव्हाच दोघे टिकले. हफेकर यांनी १९५८ मध्ये माइट नावाच्या बारीक कीटकसदृश जीवांवर प्रयोग केला. २५२ संत्र्यांच्या मांडणीत त्यांनी व्हॅसलिनचे अडथळे घातले, भक्ष्याला पसरायला मदत केली, तेव्हा तीन चढउतार मिळाले आणि मग सगळं संपलं. कोडमध्ये याचा अर्थ सरळ आहे: ग्रिड (चौकटींचं मैदान) मोठी ठेवा, प्राण्यांची नजर आणि एका पायरीतली धाव छोटी ठेवा. एका कोपऱ्यात भक्ष्य संपत असताना दुसऱ्या कोपऱ्यात ते वाढत असलं की एकूण आकडा सावरतो.

ऊर्जेचा हिशोबही इथेच चुकतो. पिल्लाला मिळणारी ऊर्जा आईच्या खात्यातून वजा झालीच पाहिजे, नाहीतर प्रजनन म्हणजे फुकटची कमाई होते. एजंटांचा क्रम दर पायरीला पत्त्यांसारखा पिसला नाही, तर यादीत आधी असणाऱ्यांना कायम आधी खायला मिळतं. असे दोष पॅरामीटर बदलून जात नाहीत.

उत्क्रांतीची वाट सर्वांत मोहक, आणि पहिल्या प्रकल्पासाठी मी ती सुचवणार नाही. टॉम रे यांच्या टिएरा या संगणकी जगात जीव म्हणजे स्वतःची प्रत काढणारा छोटा प्रोग्राम; तिथे ८० सूचनांच्या मूळ जीवापासून ४५ सूचनांचे परजीवी आपोआप निघाले, पुढे त्यांना उलटवणारे यजमानही आले. पण तिथे मेमरी भरली की जुने आणि चुका करणारे जीव काढून टाकणारी यंत्रणा आधीच बसवलेली होती. अव्हिडा या तशाच दुसऱ्या जगात साधनं अमर्याद असतील तर सहसा एकच वंश सगळं व्यापतो. अनेक मर्यादित साधनं ठेवली की वेगवेगळ्या जाती सोबत नांदतात. २००४ च्या अव्हिडा प्रयोगांत साधनांचा पुरवठा मध्यम असताना विविधता सर्वाधिक होती. लॅरी येगर यांच्या पॉलीवर्ल्ड या संगणकी जगात सुरुवातीचे जीव स्वतः टिकेपर्यंत संख्या ठरावीक आकड्याखाली गेली की प्रोग्राम नवे जीव घालत असे. ही युक्ती वापरायला हरकत नाही, गाउझ यांनीही बाहेरून जीव सोडलेच होते. मात्र किती वेळा घालावे लागले हा आकडा नोंदवा; तो वाढतच असेल तर तुमचं जग अजून स्वतः चालत नाही.

कारण समजून घ्यायचं असेल, कोणता पॅरामीटर काय करतो हे पाहायचं असेल, तर समीकरणं घ्या. खेळ, शिकवणी किंवा पडद्यावर जगताना दिसणारी परिसंस्था हवी असेल तर एजंट. नवी जात उगवण्याची उत्सुकता असेल, तर आधी एजंट-जग उत्परिवर्तनाशिवाय स्थिर करा आणि मग उत्परिवर्तनाचा दर अगदी थोडा उघडा. वाट कुठलीही असो, यादृच्छिकता असलेल्या जगात एका धावेवरून निकाल देऊ नका. वेगवेगळ्या बीज-संख्यांनी (यादृच्छिक आकड्यांची मालिका ठरवणाऱ्या सुरुवातीच्या आकड्यांनी) अनेक धावा करा आणि त्यांतल्या किती शेवटपर्यंत पोचल्या ते मोजा. निम्म्या कोसळत असतील, तर जागा, हिशोब, गवत, याच क्रमाने तपासा.