प्राइम९५ : मूळ संख्येची पारख करणारा प्रोग्रॅम

जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या 'गिम्प्स' या, स्वयंसेवकांच्या संगणकांवर मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या उपक्रमाचा प्राइम९५ हा मोफत प्रोग्रॅम मी दोन वर्षांपासून घरच्या डेस्कटॉपवर चालवतो आहे. २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून उरणारी संख्या, म्हणजे मर्सेन संख्या, मूळ आहे की नाही हे तो तपासतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच उपक्रमात ल्यूक ड्युरंट यांना २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या सापडली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत आणि द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ती लिहिली तर सलग १ या अंकाशिवाय काहीच दिसत नाही.

हे सलग १ दिसायला सुंदर आहेतच, पण सगळी गणना त्यांच्यामुळेच शक्य होते. लुकास-लेहमर कसोटीत ४ पासून सुरुवात करून दर वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवायची असते. ३१ साठी, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १ साठी, ४, १४, ८, ० असा क्रम येतो आणि शेवटी शून्य आल्यामुळे ३१ मूळ ठरते. यातला ८ कसा आला ते पाहा: १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, द्विमानात ११००००१०, त्याचे शेवटचे पाच अंक म्हणजे २, उरलेले ११० म्हणजे ६, आणि दोन्हींची बेरीज ८. भागाकार करावाच लागला नाही! कोट्यवधी अंकांच्या संख्येलाही हीच युक्ती लागू पडते.

अशा कसोटीत कोट्यवधी वेळा वर्ग करावा लागतो आणि त्यांपैकी एकही चुकला तर सारे व्यर्थ जाते, म्हणून चुका पकडण्याची या प्रोग्रॅमची शिस्त मला सर्वांत मोलाची वाटते. संगणक नवा असताना त्यातली 'टॉर्चर टेस्ट', म्हणजे संगणकावर पूर्ण ताण देऊन चुका शोधणारी चाचणी, लावली, तर काही मिनिटांतच पूर्णांकनातील तफावत ०.४ पेक्षा कमी हवी असताना ०.५ आल्याचा संदेश दिसला. गुणाकार दशांश अपूर्णांकांतून होत असल्याने उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवे. बरोबर मध्यावर आले, तर कोणता पूर्णांक घ्यावा हेच कळत नाही. विक्रेत्याने सर्व ठीक असल्याचे सांगितले होते, परंतु दोष रॅमच्या एका पट्टीत निघाला आणि ती बदलल्यावर हीच चाचणी रात्रभर निर्वेध चालली.

ड्युरंट यांची संख्या प्रथम ग्राफिक्स प्रोसेसरवर 'बहुधा मूळ' ठरली होती, म्हणजे ती मूळ असण्याची दाट शक्यता होती, पण सिद्ध झाले नव्हते. त्यानंतर वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या प्रोग्रॅमनी लुकास-लेहमर कसोटी घेतल्यावरच ती जाहीर झाली. हा काटेकोरपणा मला मनापासून आवडतो.

उणिवाही सांगायला हव्यात. प्रोग्रॅमची मांडणी जुनाट आहे, पंखा सतत घोंघावतो, वीजबिल वाढते आणि एका मोठ्या घातांकाला माझ्या यंत्रावर अनेक दिवस लागतात. लॅपटॉपवर तो सतत चालवू नये. डेस्कटॉप असेल तर आधी टॉर्चर टेस्ट पूर्ण करावी आणि मगच गिम्प्सकडून तपासण्यासाठी पहिला घातांक मागवावा.