‘खानापूरच्या शिसवीची गिटार’ : पैसे देण्याआधी भोकात डोकावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गिटार विकताना हल्ली एक बोलणं सर्रास ऐकू येतं : “जुन्या घराच्या तुळईचं शिसवी हाय, नवीन झाड तोडलेलं न्हाई.” जंगलाची काळजी असलेली कॉलेजची मुलं याच वाक्याला भुलतात आणि चार-पाच हजारांची प्लायवूडची गिटार पंधरा हजारांना घरी आणतात. प्लायवर शिसवीचा पातळ पापुद्रा असतो, कधी तर नुसता रेषा छापलेला कागद.

हे ओळखायला मोबाईलचा टॉर्च आणि छोटा आरसा पुरतो. मधल्या गोल भोकाची कड बघा. अखंड लाकूड असेल तर वरच्या पाटीवरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरतात. प्लायवूड असेल तर आडवे थर दिसतात, बहुधा तीन. कड काळ्या रंगानं किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं झाकलेली असेल तर आरशानं पाटीची आतली बाजू बघा. पाठीलाही हीच कसोटी लावा : बाहेरची गाठ किंवा वळणदार रेष आत त्याच जागी दिसलीच पाहिजे. फ्रेटबोर्डवर, म्हणजे मानेवर जिथे बोटांनी तारा दाबतात त्या पट्टीवर, ओलसर पांढरं फडकं घासा. काळा रंग उतरला तर साधं लाकूड रंगवून काळं केलंय.

खरा घाटा आवाजात होतो. अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या पाटीच्या थरथरण्यातून येतो, म्हणून तिथे स्प्रूस किंवा सीडर या झाडाचं अखंड लाकूड हवं. पाठ अस्सल शिसवीची आणि वरची पाटी प्लायची, तर आवाज दबलेलाच राहणार. बजेट कमी असेल तर अखंड टॉप (वरची पाटी) आणि प्लायची पाठ हा सौदा चांगला. त्यात दुर्मिळ लाकूडही कमी लागतं. दाखवताना विक्रेते नव्या कोऱ्या तारा चढवतात नाहीतर ॲम्प्लिफायर जोडतात. नव्या तारांवर कुठलीही गिटार खणखणीत वाजते, म्हणून नुसत्या खणखणाटाला भुलू नका; ॲम्प्लिफायरची वायर काढायला लावा आणि बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) प्रत्येक स्वर वाजवून ऐका.

पावसाळ्यातली खरेदी आमच्या भागात विशेष जपून करावी. खानापूरकडच्या दमट हवेत पाटी फुगते, तारा वर उचलल्या जातात. विक्रेता ब्रिजवरची (पाटीवर तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती बारीक पट्टी, घासून तारा खाली आणतो आणि गिटार बोटांना मऊ लागते. उन्हाळ्यात पाटी बसली की त्याच तारा फ्रेटला लागून खरखरतात. सॅडल ब्रिजच्या वर निदान ३ मिमी दिसायला हवी. बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखालचं अंतर साधारण २.५ मिमी असावं. ४ मिमीच्या वर गेलं, तर ट्रसरॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) खरंच फिरतो का, ते विकणाऱ्याला ॲलन-की (षटकोनी चावी) लावून दाखवायला सांगा. काही स्वस्त गिटारींत तो नावापुरताच असतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली जाड कागद शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय. पॉलिश न खरवडता त्यावरच डिंक लावला की असं होतं.

आता ‘पर्यावरणपूरक’ शिक्क्याबद्दल. शिसवी ज्यात येते ती डालबर्जिया ही सगळी प्रजाती २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परदेशी व्यापाराला परवाना लागतो. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवूडला (शिसवीचाच ब्राझीलमधला भाऊबंद) ती नाही. ते १९९२ पासून पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे. त्यामुळे कुणी ‘ब्राझिलियन’ सांगितलं तर आधी कागद मागा. एफएससीच्या (जंगल जपून काढलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणारी संस्था) शिक्क्याखाली ‘सी’ आणि सहा आकडी क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर शोधा आणि धारकाचं नाव जुळतं का बघा. क्रमांक नसलेला शिक्का धरूच नका. जुन्या तुळईचं लाकूड असेल तर ते विकत घेतल्याची पावती गिटार बनवणाऱ्याकडे असायला हवी. चांगली जपलेली सेकंडहँड गिटार घेतली तर नव्या लाकडाचा प्रश्नच उरत नाही.

बिलावर नुसतं ‘गिटार’ लिहून घेऊ नका. ‘टॉप : अखंड स्प्रूस, पाठ : शिसवी’ असं लिहायला लावा. सचोटीचा दुकानदार लगेच लिहितो. पुढे प्लाय निघाली तर हेच बिल, आतल्या थरांचे फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे दाखल शुल्क नाही.