ईशापूरची .३१५ रायफल : सुटे भाग बदलून एक खरीप, एक रब्बी काढल्यानंतर

आमच्याकडची .३१५ (नळीचं इंचातलं माप) बोल्ट रायफल, म्हणजे दर गोळीला बोल्टचा दांडा हाताने मागेपुढे ओढायची, पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी फॅक्टरीची, वडिलांनी तरुणपणी घेतलेली. वडील सत्तरीपुढे गेले तेव्हा परवाना वारसाहक्काने माझ्या नावावर झाला. रायफल हातात आली तेव्हा दोन दुखणी होती. उडालेली पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) बोल्टबरोबर नीट बाहेर येत नव्हती, आणि मॅगझिनमधलं (काडतुसांच्या पेटीतलं) शेवटचं काडतूस वर चढत नव्हतं. गेल्या खरिपाआधी एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा नखासारखा तुकडा), त्याची स्प्रिंग, मॅगझिनची स्प्रिंग आणि फायरिंग पिनची मोठी स्प्रिंग बदलून घेतली. शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यात अशा जुन्या रायफली अजून घराघरांत जपलेल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी चांगली बातमी. ही रायफल जुन्या ली-एनफिल्ड या इंग्रजी फौजेच्या रायफलीच्या घडणीवरची आहे. .३०३ हे सैन्याचं काडतूस असल्यामुळे ते इंग्रजांच्या काळापासून सामान्य माणसाला बंद होतं, म्हणून त्याच यंत्रणेवर .३१५ ची रायफल नागरिकांसाठी निघाली. त्यामुळे बोल्टमधले बरेचसे लहान भाग नंबर वन जातीच्या एनफिल्डच्या कुळातलेच आहेत. पण दुकानात ‘एनफिल्डचा पार्ट’ म्हणून नंबर फोर या तिच्या नंतरच्या जातीचा बोल्टहेड (बोल्टचं पुढचं टोक) पुढे केला, तर तो घेऊ नका. दिसायला भाऊ-भाऊ, तरी तो यात बसत नाही. मॅगझिनही .३१५ चंच मागा, कारण .३०३ ची पुंगळी ५६ मिलिमीटरची आणि आपली ५० ची. आणि स्क्रू हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला मिलिमीटरचा स्क्रू दाबून बसवू नका. या रायफलीचे आटे ब्रिटिश इंची आहेत. एकदा आटा मारला गेला की साध्या कामाचं मोठं काम होतं.

सगळ्यात जास्त वेळ एक्स्ट्रॅक्टरने खाल्ला. पहिल्यांदा मिळाला तो नव्याने घडवलेला, नकली. नवा असताना झकास चालला, पण पावसाळा संपायच्या आत त्याच्या नखाची धार गोल झाली आणि पुंगळी पुन्हा चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) राहायला लागली. विकणाऱ्याने बदलून द्यायला साफ नकार दिला, याचा मला अजून राग आहे. नंतर दुसरीकडून फॅक्टरीचा जुन्या साठ्यातला मिळाला. दोन्ही तळहातावर शेजारी ठेवले तेव्हा फरक कळला. जुन्याचं नख आतून सरळ, कोपरा टोकदार, पाठीवर कापणीच्या बारीक समांतर रेघा. नकलीवर कानसीचे आडवेतिडवे ओरखडे आणि वरून काळा रंग. रंग खरवडला की खाली नुसतं मऊ लोखंड. घेताना एवढं एक बघितलं तरी पैसे वाचतील. परीक्षाही सोपी आहे. मिस्त्रीसमोर डमी, म्हणजे बिनदारूचं काडतूस चेंबरमध्ये घालायचं आणि बोल्ट मुद्दाम हळू मागे ओढायचा. झटक्याने ओढला तर कमजोर स्प्रिंगही निभावून नेते, हळू ओढला की तिचं पितळ उघडं पडतं.

बोल्टहेड मी बदललेला नाही, आणि गरज नसताना कुणी बदलूही नये. हे काडतूस कडेवर, म्हणजे रिमवर टेकतं. रिमच्या मागची जागा किती, हे बोल्टहेडवर ठरतं, आणि ती जागा वाढली तर पुंगळी बुडाजवळ फाटू शकते. आमच्या मिस्त्रीने उडालेल्या पुंगळ्या मागवून घेतल्या. बुडाजवळ चकचकीत कडं दिसतंय का, टोपी (फायरिंग पिनचा ठोसा बसतो तो बुडातला भाग) मागे सरकलीय का, ते भिंगातून बघितलं आणि मगच बोल्टला हात लावला. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबर एकच असायला हवा, हे त्याचं पहिलं वाक्य होतं : “आधी नंबर देख भाऊ, मंग बाकीनं.” दुसऱ्या रायफलीचा अख्खा बोल्ट स्वस्तात मिळतोय म्हणून उचलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता कायद्याचं. आयुध अधिनियम १९५९ प्रमाणे शस्त्राचे सुटे भागसुद्धा शस्त्रातच मोडतात. म्हणून खरेदी आणि दुरुस्ती दोन्ही परवानाधारक दुकानातच, पावतीसह. रायफल दुरुस्तीला ठेवली की ती पावती परवान्यासोबत घरी ठेवा, कुणी विचारलं तर तोच तुमचा पुरावा. शिरपूरवाल्यांना एक मोह हमखास होतो : आग्रा रोडने पळासनेर ओलांडलं की सेंधवा, पुढे सरळ इंदूर. पण परवान्यावर क्षेत्र फक्त महाराष्ट्र लिहिलं असेल तर रायफल घेऊन तिकडे पाऊल टाकू नका. मी धुळे, मग नाशिक असं विचारत गेलो, वेळ लागला, पण कागद स्वच्छ राहिले. सीमेवर चोरून कट्टे घडवणाऱ्यांकडे तर स्क्रूही मागायला जाऊ नका. गोळ्यांच्या बाबतीत मला एका गोष्टीचं नेहमी नवल वाटतं. आपल्या वरणगावला सैन्याच्या गोळ्या बनतात, पण आपल्या .३१५ चं काडतूस मात्र खडकीचं.

आजची स्थिती म्हणाल तर मॅगझिनची स्प्रिंग अव्वल निघाली, पाचही काडतुसं अडखळल्याशिवाय चढतात. भरताना प्रत्येक काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे ठेवावी लागते, नाहीतर नवी स्प्रिंगही काही करू शकत नाही. फायरिंग पिनची स्प्रिंग बदलल्यावर टोपीवरचा ठोसा खोल आणि मधोमध पडतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत रायफल पोलीस ठाण्यात जमा होती. देण्याआधी नळीत आणि बोल्टवर तेलाचा जाड हात दिला होता, तरी परत आली तेव्हा मॅगझिनच्या तळाला तांबेरा होता. स्प्रिंगचा एक वेढा डागाळला, पण ताण कमी झाला नाही.

मका, केळीत रानडुकरं शिरतात तेव्हा गावात कुणीतरी म्हणतंच, रायफल आहे ना घरात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर गोळी चालवता येत नाही, आणि माझा परवाना स्वसंरक्षणाचा आहे. त्यांच्यासाठी राखण आणि कुंपण हेच.

पुढच्या लाकडाला बोल्टच्या खाली केसाएवढी चीर गेली आहे. धक्का तिथेच बसतो, त्यामुळे ती वाढण्याआधी लाकूड बदलायचंय. जुन्या साठ्यातलं .३१५ चं मूळ लाकूड कुठल्या परवानाधारक दुकानात शिल्लक असेल तर धुळे-जळगावकडच्यांनी जरूर कळवा.