बिल प्रिटेन्शनरचं, गाडीत साधा पट्टा

राजेंद्रनगरातल्या एका गृहस्थांची सेकंडहँड हॅचबॅक. पावसाळ्यात एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागायला लागला. इंदुरातल्याच एका गॅरेजात स्कॅनर जोडला गेला आणि निकाल मिळाला: 'ड्राइवर साइड का प्रिटेन्शनर गया, भाईसाहब, पूरा बेल्ट बदलना पड़ेगा.' (प्रिटेन्शनर म्हणजे धडकेत सीटबेल्ट झटकन मागे ओढणारा भाग.) बिल ११,५०० रुपये. दिवा विझला, मालक खूश. चार महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी बी-पिलरचं, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाचं, प्लास्टिक उघडलं, तेव्हा आत नवा सोडा, प्रिटेन्शनरच नव्हता. त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटचा साधा पट्टा बसवलेला होता. पिवळ्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये काळ्या स्लीव्हखाली झाकलेला एक रेझिस्टर (करंटला ठरावीक अडथळा देणारा छोटा भाग) होता. किंमत दोन-पाच रुपये.

हा प्रकार कसा चालतो ते नीट समजून घ्या, कारण दिवा बघून तो कधीच पकडता येत नाही.

प्रिटेन्शनरमध्ये एक छोटा स्फोटक कॅप असतो. त्याला स्क्विब म्हणतात. धडक बसली की एसआरएस मॉड्यूल (एअरबॅग आणि पट्ट्यांचा कंट्रोल बॉक्स) त्यात करंट सोडतं, गॅस तयार होतो आणि पट्टा काही मिलिसेकंदांत काही सेंटीमीटर मागे ओढला जातो. अंगावरची ढील निघते आणि माणूस सीटला धरून राहतो. एकदा उडाला की तो भाग संपला, पुन्हा वापरता येत नाही. गाडी चालू असताना मॉड्यूल स्क्विबमधून अगदी बारीक करंट सोडून फक्त रेझिस्टन्स मोजत राहतं, साधारण २ ओहम. आकडा ठरलेल्या हद्दीत असेल तर मॉड्यूलच्या लेखी सगळं ठीक. समोर खरा स्क्विब आहे की दोन ओहमचा रेझिस्टर, हे त्याला कळायला मार्ग नाही. स्कॅनरही तेच सांगणार. म्हणजे या साक्षीदाराला दोन रुपयांत फिरवता येतं. धडकेच्या वेळी मात्र करंट रेझिस्टरमध्ये जाऊन तो जळेल. साधा पट्टा लॉक होईल, हे खरं, पण ढील तशीच राहील आणि छाती एअरबॅगकडे जास्त पुढे जाईल. घाट उतरताना हे लक्षात असू द्या.

या गाडीत मुळात प्रिटेन्शनर बिघडलाच नव्हता, ही त्यातली खरी चीड आणणारी गोष्ट. मालकाने पहिल्या दिवशी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. त्यात कोड होता 'ड्रायव्हर प्रिटेन्शनर, रेझिस्टन्स हाय', तोही 'इंटरमिटंट'. 'हाय' आणि अधूनमधून येणारा कोड दिसला की आधी संशय कनेक्टरवर घ्यायचा: गंजलेली पिन, अर्धवट बसलेलं लॉक, ओल्या कार्पेटमधून आलेला ओलावा. आतून धुतलेल्या गाड्यांत आणि सीट कव्हर बसवताना हार्नेस (वायरांचा जुडगा) ओढल्या गेलेल्या गाड्यांत हे नेहमीचं. 'लो' आला तर आणखी एक जागा बघायची. पिवळ्या कनेक्टरच्या आत एक शॉर्टिंग पट्टी असते. कनेक्टर काढला की ती दोन्ही पिना जोडून टाकते, म्हणजे अंगावरच्या स्टॅटिकने कॅप उडू नये. लॉक पूर्ण बसलं नाही तर ही पट्टी टेकलेलीच राहते आणि मॉड्यूलला रेझिस्टन्स कमी दिसतो. दोन्ही ठिकाणी काम सफाईचं किंवा टर्मिनल बदलण्याचं आहे, पट्टा बदलण्याचं नाही. चांगला प्रिटेन्शनर काढून घेतला, म्हणजे तो दुसऱ्या कुणाला विकलाही गेला असणार.

रेझिस्टरचा खरा उपयोग तपासणीपुरताच आहे. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, आणि मॉड्यूलमधला कपॅसिटर रिकामा व्हायला त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं (बहुतेक ठिकाणी एक ते तीन मिनिटं, काही गाड्यांत जास्त). मग प्रिटेन्शनरचा कनेक्टर काढून त्याजागी २ ओहमचा डमी लोड, म्हणजे तसाच रेझिस्टर, लावायचा. केबिनमध्ये कुणी नको. बॅटरी जोडून कोड पुन्हा वाचायचा. कोड गेला तर दोष प्रिटेन्शनरमध्ये, राहिला तर वायरिंग किंवा मॉड्यूलमध्ये. हार्नेस हलवून बघितल्यावर कोड ये-जा करत असेल तर जागा सापडलीच. स्क्विबवर साधा मल्टिमीटर कधीही लावू नका. मीटरचा करंट सहसा कमीच असतो, तरीही मॅन्युअल सक्त मनाई करतात आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. काम झालं की डमी परत काढायचा. फसवणूक होते ती नेमकी इथेच: तो काढलाच जात नाही.

दिव्याबद्दल आणखी एक. पट्टा न लावल्यावर लागणारा लाल माणसाचा दिवा वेगळा आणि एअरबॅगचा वेगळा. पहिला दिवा सतत राहतो म्हणून कुणी प्रिटेन्शनरचं बिल लावत असेल तर उठून निघा. तो दोष बहुधा बकलच्या स्विचचा असतो. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायलाच हवा. लागतच नसेल किंवा ऑइलच्या दिव्याबरोबर तंतोतंत लागत-विझत असेल, तर क्लस्टरमध्ये (स्पीडोमीटर आणि दिव्यांच्या पॅनेलमध्ये) कुणीतरी हात घातला आहे.

काम देण्याआधी कोडचा पूर्ण शब्दांसह फोटो घ्या, 'क्लिअर' करण्याआधी. बी-पिलर उघडल्यावर जुन्या रीट्रॅक्टरवरच्या (पट्ट्याच्या गुंडाळीवरच्या) स्टिकरचा आणि नंतर नव्याच्या स्टिकरचा फोटो घ्या. पार्ट नंबर बिलावर असलाच पाहिजे आणि तो स्टिकरशी जुळला पाहिजे. प्रिटेन्शनरवाल्या गुंडाळीला बाजूला सिलिंडर किंवा नळी असते आणि पिवळा प्लग थेट तिच्यात जातो. साध्या गुंडाळीला ते काहीच नसतं. मेकॅनिकला हे दाखवायला दोन मिनिटं लागतात. 'वो खोलना पड़ेगा, टाइम लगेगा' हे उत्तर पटवून घेऊ नका. जुना भाग बघायला मागा, पण न उडालेला प्रिटेन्शनर घरी आणून कापत-तापवत बसू नका. तो स्फोटक आहे.

प्लास्टिक उघडल्यावर रेझिस्टर सापडला तर लगेच उपटू नका. आधी त्याचा, प्लगचा आणि गुंडाळीचा फोटो घ्या, दुसऱ्या गॅरेजकडून लेखी तपासणी घ्या, जुनं बिल आणि पैसे दिल्याची नोंद जोडा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि सुरुवातीची विचारणा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करता येते.