बिअर्डेड ड्रॅगनसाठी यूव्हीबी: लांब ट्यूब की पिळाचा बल्ब?

बिअर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा; त्याला यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण, दिव्यातून द्यावे लागतात. त्याची पेटी १२० × ६० × ६० सेंटिमीटरची धरू. पिळाचा (सीएफएलसारखा) बल्ब स्वस्त, साध्या होल्डरमध्ये बसतो. पण त्याचे यूव्हीबी किरण छोट्या वर्तुळापुरतेच. सरडा दोन पावलं सरकला की संपलं. मग ड-३ जीवनसत्त्व पुरेसं बनत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही, हाडं मऊ पडून जबडा नि पाय वाकतात.

टी-५ ट्यूबला (बारीक, लांब ट्यूबलाइट) वेगळं फिटिंग लागतं, खर्चही जास्त. तरी घ्यावी तीच: पेटीच्या निम्म्याहून लांब, उष्णतेच्या दिव्याच्याच बाजूला. तिथला दगड ३८–४२ अंश सेल्सिअस, दुसरं टोक २४–२७ आणि सावलीचं. ट्यूब आणि सरड्याच्या मधे काच नको, ती यूव्हीबी अडवते. बारीक जाळीही बरेच किरण खाते. उजेड पडत असला तरी यूव्हीबी घटत जातं, म्हणून वर्षाने ट्यूब बदला.