हळद पावडर युनिट आणि पीएमएफएमई योजना : दोन हंगामांनंतरचा अनुभव

मागच्या पावसाळ्यात, ऐन मागणीच्या काळात, आमचा पल्व्हरायझर (हळद दळण्याचे यंत्र) बंद ठेवावा लागला. यंत्र सुस्थितीत होते, वीज होती, किराणा दुकानांची मागणीही नोंदवलेली होती. दळायला हळद मात्र शिल्लक नव्हती, कारण काढणीनंतर आवक जास्त असताना वर्षभराची हळद घेऊन ठेवण्याइतकी रक्कम हाती नव्हती. बँकेचा हप्ता अर्थातच सुरू होता. हे युनिट आम्ही पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांना कर्जाशी जोडलेले अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून उभारले. योजनेचे नियम बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून मी मुख्यतः खेळत्या भांडवलाच्या, म्हणजे कच्चा माल आणि मजुरीसाठी लागणाऱ्या रकमेच्या, या एकाच त्रुटीविषयी लिहीत आहे.

आधी जे खरोखर चांगले आहे ते सांगतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यासाठी ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून हळदच असल्याने प्रस्ताव समजावून सांगण्यात वेळ गेला नाही. कृषी विभागाने नेमलेल्या जिल्हा संसाधन व्यक्तीने प्रकल्प अहवाल तयार करून दिला, उद्यम नोंदणी आणि अन्न परवाना मिळवून दिला, आणि बँकेने त्रुटी काढली तेव्हा स्वतः येऊन ती दूर केली. या कामासाठी मंजूर कर्जामागे २०,००० रुपये शासन देते. अर्जदाराने काहीही द्यायचे नसते, आणि माझ्याकडूनही कोणी काही मागितले नाही. आमच्यासारख्या कुटुंबाला अनुदानाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या माणसाचा उपयोग झाला असे माझे ठाम मत आहे.

प्रकल्प ९ लाखांचा होता. १० टक्के आमचे, उरलेले ८ लाख १० हजार कर्ज, आणि ३५ टक्क्यांप्रमाणे ३ लाख १५ हजार अनुदान. हे अनुदान हातात येत नाही. ते बँकेतच जमा राहते आणि कर्जखाते नियमित व उद्योग सुरू असेल तर तीन वर्षांनी कर्जात वळते होते. अट योग्य आहे, कारण तिच्यामुळे केवळ अनुदानासाठी यंत्रे घेणाऱ्यांना आळा बसतो. परंतु आमच्या बँकेने हप्ता पूर्ण कर्जावर बसवला, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत, जेव्हा ओढाताण सर्वाधिक असते, तेव्हा अनुदानाचा दिलासा जाणवतच नाही.

खेळत्या भांडवलाचा प्रश्न याहून गंभीर आहे. बचत गटातील सदस्याला याच योजनेत ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळते. वैयक्तिक शेतकऱ्याला तशी सोय नाही. हळद वर्षातून एकदाच निघते, पावडर मात्र बारा महिने विकायची असते. शिजवणे, वाळवणे, पॉलिश यांची मजुरी रोख द्यावी लागते आणि दुकानदाराचे पैसे उधारीवर येतात.

गेल्या हंगामापर्यंत मी पीएमएफएमई योजना कोणाला सुचवली नसती. यंदा ते मत काही प्रमाणात बदलले. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत १९९०-९१ पासून चालते, आणि तिच्यात हळदीवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. घरची हळद गोदामात ठेवून आलेल्या पैशांतून मजुरी आणि हप्ते भागले, त्यामुळे ती पडत्या भावात विकावी लागली नाही. पुढे विक्रीचे पैसे येताच कर्ज फेडून माल सोडवला आणि दळला. मात्र तारण फक्त स्वतः पिकवलेल्या मालावर मिळते. शेजारच्या शेतकऱ्यांकडून घेतलेल्या हळदीला ही सोय लागू नाही, आणि युनिट वाढवायचे तर ती हळद घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

पीएमएफएमई आणि तारण योजना एकाच जिल्ह्यात, एकाच पिकासाठी चालतात. तरीही प्रकल्प मंजूर होताना तारण योजनेविषयी मला एका शब्दानेही कोणी सांगितले नाही. मंजुरी देणाऱ्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. हंगामी पिकाच्या प्रस्तावात मुदत कर्जासोबत कॅश क्रेडिट मर्यादेचाही (गरजेप्रमाणे काढता-भरता येणाऱ्या कर्जाचाही) विचार व्हावा, असा आग्रह या समितीने बँकांकडे धरावा अशी माझी विनंती आहे. नव्या अर्जदारांनी ही मागणी प्रकल्प अहवालातच लेखी नोंदवावी. यंत्रे बसल्यानंतर आम्ही ती केली आणि बँकेने पुढच्या वर्षीचा ताळेबंद आणायला सांगितले.